धुरापाशी कोण होतं

टेनी आत्या ते बोलून गेली तेव्हा ओझेलाच्या हातात मक्याच्या पावाचा बिडाचा तवा होता. तो तिनं कुणाच्या डोक्यात घातला नाही, हा तिचा मोठेपणा. तिनं तो नीट टेबलावर ठेवला, हात पुसले आणि म्हणाली, "आत्या, पुन्हा बोल."

ऑगस्टचा दुसरा रविवार होता. वर्षातून या एका दिवशी न्यू हेब्रॉन चर्चची माणसं असतील तिथून घरी यायची. डेट्रॉइटला गेलेली, शिकागोला गेलेली, आणि ओझेलासारखी बर्मिंगहॅमला जाऊन शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं राबलेली. प्रार्थना झाली की मागच्या पिकानच्या झाडांखाली लांब टेबलं लागायची. तळलेली कोंबडी, बटर बीन्स, पीचचा कॉब्लर, बर्फ घातलेला गोड चहा. पुरुष जेवून सावलीत सरकायचे आणि बायका चर्चच्या स्वयंपाकघरात भांड्यांशी. अलाबामात सगळं बदललं, हे काही बदललं नाही.

टेनी आत्या एक्क्याण्णव वर्षांची. ओझेलाच्या बापाची बहीण. तिला भांडी घासायला कुणी सांगत नसे, पण ती खुर्ची ओढून तिथंच बसायची.

"म्हटलं, रेफर्डच्या गोष्टीचा राग धरू नकोस गं," आत्या म्हणाली. "दर वर्षी बघते मी. तो हर्शेलचं सुरू करतो आणि तुझं तोंड कारलं खाल्ल्यासारखं होतं. पण पोरी, ती गोष्ट त्यानं तुझ्यासाठीच रचली."

"माझ्यासाठी?"

"नाहीतर काय! पोर उडून गेलं म्हटलं की कुणी विचारत नाही मोहोळाखालच्या धुरीचं काय झालं. आणि तुला सगळ्यांनी कधीच माफ केलंय. तुझ्या आईनंसुद्धा केलं असेल. नऊ वर्षांचं लेकरू, त्याला काय कळतंय?"

"कशाची माफी, आत्या?"

म्हातारीनं तिच्याकडे दयेनं पाहिलं. ती दयाच ओझेलाला सगळ्यात जास्त झोंबली.

"धुरी विस्कटलीस ना, ती. रेफर्डनं त्याच दिवशी सांगितलं होतं. तो झऱ्यावर पाणी आणायला गेला, तुला म्हणाला जरा बघ, आणि तू जाळाशी खेळत बसलीस. तुझे हातच भाजलेले होते, बाळा. आणखी काय विचारायचं?"

ओझेला एकसष्ट वर्षांची होती. त्यातली बावन्न वर्षं तिनं एक समजूत पोटात धरून काढली होती. ती समजूत अशी, की सगळ्या घराला खरं ठाऊक आहे. धुरी सोडून गेला तो रेफर्ड, तिचा चुलतभाऊ. हर्शेल, तिचा तेरा वर्षांचा भाऊ, मेला तो त्यामुळे. घरानं रेफर्डला पदराखाली घेतलं, वर एक लोणकढी थाप पांघरली, आणि आपल्या वाट्याला गप्प बसणं आलं. ती गप्प बसली. दर ऑगस्टला ती थाप ऐकून दात आवळून हसलीसुद्धा. आणि इथं हे लोक तिच्यावर उपकार केल्यासारखे गप्प होते! दोन्हीकडून तोंडाला कुलूप, आणि किल्ली त्या चोराच्या खिशात.

तिच्या डोळ्यांपुढं आई आली. आईची चूल आली. भाजलेले हात बरे झाल्यावर ती पहिल्यांदा चुलीपाशी गेली तेव्हा आई म्हणाली होती, "ओझेला, लांब हो." मग ते रोजचंच झालं. ओझेला मोठी झाली, तिचं लग्न झालं, ती रोज चारशे पोरांना जेवायला घालू लागली, तरी आईकडे गेली की आई स्वतः उठून गॅस पेटवायची. गुडघे दुखत असले तरी. "तू बस, लांब हो." ओझेलाला वाटायचं माया आहे. भाजलेल्या हातांची आईला आठवण होते म्हणून. माया कसली! आईला त्या हातांची भीती वाटत होती. त्या हातांनी तिचा पोरगा मारला असं ती मरेपर्यंत समजत होती.

ओझेलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथंच किंचाळावं असं वाटलं. पण किंचाळली असती तर बायकांनी तिला खुर्चीवर बसवलं असतं, पाणी दिलं असतं, पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या असत्या, बिचारी, अजून मनाला लागून आहे. तिला सांत्वन नको होतं. तिला तिचं म्हणणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घ्यायला हवं होतं. तसं ऐकून घेतलं जाईल अशी अख्ख्या न्यू हेब्रॉनमध्ये एकच जागा होती.

सगळ्यात जुन्या पिकानखाली थापांचा कट्टा बसायचा. कट्टा कसला, दहा-बारा घडीच्या खुर्च्या. पण त्याचे कायदे देवाच्या आज्ञांपेक्षा कडक आणि त्यांच्यापेक्षा जास्त पाळले जाणारे. गोष्ट आपल्या लहानपणची हवी, उघड्यावरची हवी. रानातली, ओढ्यातली, शेतातली. मग ती कितीही ताणा. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. संपल्यावर कुणी खोटं म्हणायचं नाही. म्हणायचं, "खरंय, मी तिथंच होतो," आणि त्यावर आपली चढवायची. थाप आहे हे अंगावर पिणाऱ्या पोरालाही ठाऊक, मग खोटं म्हणून काय मिळवायचं? एल्बर्ट काका तिथं सत्तर वर्षं बसत होते आणि तो शब्द त्यांनी त्या झाडाखाली ऐकलेला नव्हता.

ओझेला पोचली तेव्हा त्यांचंच चाललं होतं.

"आमच्या वेळचा चिखल!" एल्बर्ट काका म्हणत होते. "शाळेत पोचेस्तोवर एकेकाच्या बुटाला अर्धा एकर. माझा बाप संध्याकाळी आमचे बूट खरवडायचा आणि त्यात रताळी लावायचा."

"खरंय, मी तिथंच होतो," रेफर्ड म्हणाला. "त्यातलंच एक रताळं पोखरून आम्ही त्यात दोन वर्षं कोंबड्या ठेवल्या. पण काका, कासव पाहिलंत? मी ओढ्यात एका खडकावर गळ टाकून बसलो. ऊन छान, डुलकी लागली. जाग येते तो समोर परका गाव, परकं चर्च, लोक भलतीच गाणी म्हणतायत. खडक कुठला, कासव! आणि इतकं म्हातारं, की परत फिरायचं नाव घेईना. मी तिथं तिसरी पास झालो तेव्हा ते वळलं."

लोक हसून हसून वाकले. रेफर्ड अडुसष्टचा होता, पण गळा असा की त्याची थाप ओढ्यापलीकडच्या शेतात ऐकू जाई. पांढरा सदरा, गवताची टोपी, आणि शेजारच्या खुर्चीत त्याची बायको अर्लीन, हातपंख्यानं त्याला वारा घालत. सगळ्या बायकांत कट्ट्यावर बसायचा मान तेवढा तिचा.

"आजोबा, हर्शेलकाकांचं सांगा!" त्याची नात टामिका म्हणाली.

"हर्शेलचं? अगं परवाच त्याचा निरोप आला." रेफर्डनं टोपी मागं सारली. "तर आम्ही दोघं मध काढायला गेलो. ओढ्यापलीकडं गमचं झाड, त्यात ढोली, ढोलीत या चर्चएवढं मोहोळ. माश्या म्हणजे कशा? थंडीत त्यांची लोकर कातरून लोक मोजे विणायचे. हर्शेल चढला वर. राणीमाशीनं त्याला पाहिलं, आणि बसली की प्रेमात! हुकूम सोडला. चाळीस माश्यांनी त्याच्या पट्ट्याला धरलं आणि उचलला पोराला. मी खालून ओरडतोय, 'हर्शेल, जेवायला येणार ना?' तो वरून म्हणतो, 'आईला सांग, माझं ताट वाढू नको!' फ्लॉरिडाला राज्य करतोय बेटा. नाताळात दोन माश्या पाठवतो, त्या खिडकीपाशी गाणं म्हणून जातात."

पोरांनी टाळ्या पिटल्या. आईला सांग, माझं ताट वाढू नको. बावन्न वर्षं हे वाक्य लोकांना हसवत होतं. ओझेलाची आई पुढची कित्येक वर्षं रविवारी ते ताट वाढत होती, हे त्या हसणाऱ्यांतल्या कुणाला माहीत होतं?

"खरंय," ओझेला म्हणाली. "मी तिथंच होते."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बायकांपैकी कुणी कट्ट्यावर बोलत नसे. एल्बर्ट काकांनी भुवया वर केल्या, मग म्हणाले, "बायांनी सांगू नये असं कुठं लिहिलेलं नाही. बस, ओझेला."

"उभीच बरी आहे."

"उभ्यानं चढव मग!" रेफर्ड हसून म्हणाला. त्याला काही वाटलं नाही. बावन्न वर्षांत ज्याचं काही बिघडलं नाही, त्याला आज का वाटावं?

"मी नऊ वर्षांची होते," ओझेलानं सुरू केलं. "झाड तेच. हर्शेल वर, कमरेला दोर, दोराला बादली. खाली पाइनचा ओला पाचोळा आणि गोणीच्या चिंध्या, त्याची धुरी. धुरीपाशी एक मोठा मुलगा. आणि धुरीचा नियम इथं पोराटोरांनाही पाठ आहे. वरच्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत खालच्यानं हलायचं नाही."

"आमेन," कुणीतरी म्हणालं.

"पहिली बादली खाली आली. मधानं काठोकाठ. मोठ्या मुलानं कडी धरली मात्र, आणि काय सांगू! बादलीला पाय फुटले. टुणकन उडी मारून बादली निघाली रस्त्याकडे. तो बिचारा काय करणार? हात कडीत अडकलेला. गेला फरफटत तिच्यामागं."

कट्टा खदखदला. एल्बर्ट काकांनी मांडीवर थाप मारली. रेफर्डही हसत होता, पण त्याचे डोळे हसायचे थांबले होते.

"रस्त्यावर एक मुलगी उभी. पिवळा झगा आणि पायात भावाचे बूट. एवढ्या मोठ्या जगात बादलीला तीच सापडली. बरोब्बर तिच्यापुढं जाऊन थांबली बघा."

अर्लीनचा पंखा थांबला.

"आणि हर्शेलकाका?" टामिकानं विचारलं.

"हर्शेल झाडावर. धुरी विझत आलेली. तो वरून ओरडतोय, 'धूर! रेफर्ड, धूर!' धुरापाशी कोण होतं? मी होते. मी पाचोळा गोळा केला. वाळका मिळाला, तोच दोन्ही हातांनी ओढून घातला. वाळक्याचा धूर होत नाही, जाळ होतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. जाळ वर चढला. माश्या पिसाळल्या. मग मी तो जाळ हातांनी दाबायला लागले. हर्शेलनं सात हाका मारल्या. सातही हाका रेफर्डच्या नावाच्या होत्या. मग तो पडला. उडाला नाही, पडला. मी तो आवाज ऐकलाय."

कुणी हसलं नाही. तरी मागून एका शिकागोवाल्या जावयानं, गोष्ट अजून वळण घेईल या आशेनं, हळूच विचारलं, "मग खाली कासव होतं का, आत्या?"

ओझेलाला त्याचा राग आला नाही. त्याला तेच शिकवलेलं होतं. या माणसांनी एका पोराच्या मरणाची इतकी करमणूक करून ठेवली होती, की खरं त्यांच्यापुढं उघडं आणून ठेवलं तरी ते त्यात कासव शोधत होते.

अर्लीन नवऱ्याकडे बघत होती. रेफर्डला ती नजर सहन झाली नाही. तो ताडकन उठला, खुर्ची मागं कोलमडली.

"खोटं!" तो ओरडला. "साफ खोटं आहे हे!"

शब्द तोंडातून गेला आणि कट्टा गारठला. टेबलांपाशी कोंबडी खात उभी होती ती माणसंही वळली. एल्बर्ट काकांनी सावकाश चष्मा काढला.

"काय म्हणालास?"

रेफर्ड पडलेली खुर्ची उचलायला वाकला.

"मघाशी मी सांगितलं, माझ्या बुटाच्या चिखलात बापानं रताळी लावली," एल्बर्ट काका म्हणाले. "तेव्हा तू म्हणालास, खरंय. हर्शेलला माश्यांनी उचलून नेला, तेही इथं सगळ्यांना चाललं. मग हिचंच खोटं कसं रे निघालं?"

त्या झाडाखाली खोटं म्हणायची गरज एकाच, खऱ्या गोष्टीपुढं पडू शकते, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला त्याच क्षणी कळलं. रेफर्डलाही कळलं.

"मला तू म्हणाला होतास, झाडावर मी चढलो," अर्लीन म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "मी त्या रस्त्यावर उभी राहून मध खाल्ला, रेफर्ड. बोटं चाटली. तू म्हणालास, अजून खा. तेव्हा ते पोर ओरडत होतं?"

"तिथवर ऐकू येत नव्हतं. देवाशपथ, ऐकू आलं नाही." तो ओझेलाकडे वळला. "मी सोळा वर्षांचा होतो गं."

"मी नऊ."

"मला वाटलं, तू लहान आहेस. तुला कुणी मारणार नाही. चार दिवसांत विसरतील. मला तर बापानं जिवंत सोडला नसता. आणि मग ती गोष्ट रचली ती याचसाठी ना, की तुला कुणी बोलू नये—"

"म्हणजे उपकार केलेस माझ्यावर!" ओझेलाचा आवाज फाटला. "माझ्या भावाला मारलंस, माझ्या नावावर खपवलंस, आणि वर त्याच्या मरणावर दर साली टाळ्या घेतल्यास! चोर तो चोर आणि वर शिरजोर! माझ्या आईनं मला चुलीला हात लावू दिला नाही, माहीत आहे तुला? आजारी पडली तेव्हा मी सूप करून नेलं, तिनं विचारलं कुणी केलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं भूक नसेल. मी बाहेर बसून ते सूप स्वतः प्यायले, रेफर्ड! भूक नसेल म्हणून!"

टेनी आत्या काठी टेकत येऊन उभी होती. तिच्या तोंडाला पदर नव्हता लावायला, तिनं हातच लावला होता. "ओझेला, बाळा, आम्हाला काय ठाऊक—"

"आत्ता नको, आत्या. मला विचारलं असतंत. एकदा. एकानं. 'काय झालं गं,' एवढंच. तीन शब्द लागतात त्याला."



रेफर्डनं टोपी काढली. टोपीखाली तो एकदम म्हातारा दिसू लागला. "चुकलो मी," तो म्हणाला. "सगळ्यांपुढं सांगतो. चुकलो. धुरी मी सोडली. तू म्हणशील ते करतो, ओझेला. सांग, काय करू?"

लोकांना वाटलं, आता ही रडेल, तो तिचा हात धरेल, पाळक येऊन प्रार्थना म्हणेल आणि कॉब्लर वाढायला घेता येईल. दोघा-तिघांनी डोळे पुसायला रुमालही काढले. ओझेलाला त्या डोळे पुसणाऱ्यांचा सुद्धा राग आला.

"मला कशाला सांगतोस? मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "यांना सांगून काय उपयोग? यांनी तर मला माफ करून ठेवलंय." तिनं टेबलांपलीकडं बोट दाखवलं. कुंपण होतं, कुंपणापलीकडं थडगी. "तिकडं जा. माझ्या आईला सांग."

"ओझेला..."

"जा. धुरापाशी कोण होतं आणि कोण नव्हतं, सगळं सांग. झऱ्याचं पाणी नको, माश्यांची लोकर नको. आणि मी इथून ऐकणार आहे."

त्यानं एल्बर्ट काकांकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही. अर्लीनकडे पाहिलं. तिनं पंखा खुर्चीवर ठेवला आणि ती उठून स्वयंपाकघराकडे चालू लागली. मग तो निघाला. लोकांनी वाट दिली. फाटकाची कडी त्याच्यानं दोनदा उघडली नाही, तिसऱ्यांदा उघडली. हर्शेलच्या शेजारी ओझेलाच्या आईचा दगड होता, त्याच्यापुढं तो उभा राहिला, टोपी छातीशी धरून.

सगळं न्यू हेब्रॉन उभं होतं. रेफर्डचे ओठ हलताना दिसत होते, खांदे हलताना दिसत होते. ज्याचा आवाज ओढ्यापलीकडं जायचा, त्याचा आवाज चाळीस पावलांवर येत नव्हता.

"ऐकू येत नाही!" ओझेला ओरडली.

तो थांबला. त्यानं बाहीनं तोंड पुसलं. पुन्हा सुरू केलं. पहिले दोन-चार शब्द आले, मग आवाज चिरकला.

"रेफर्ड! माझ्या आईला म्हातारपणी कमी ऐकू यायचं!" ओझेला कुंपणाशी गेली आणि दोन्ही हातांनी तार धरून उभी राहिली. "मोठ्यानं सांग! पहिल्यापासून!"